भुंग्याचं दुखणं आणि रविवारचा फोन

आमच्या घरातला पहिला मोबाइल स्वयंपाकघराच्या खिडकीत राहायचा, कारण रेंज फक्त तिथेच यायची. गजांच्या मधे, हळदीच्या डब्याला टेकवून तो उभा ठेवलेला असे. रविवारी दुपारी तो वाजला की आई हात पदराला पुसत खिडकीशी जायची आणि बोलताना बाहेर बघायची, जणू दादा समोरच्या शेवग्याखालीच उभा आहे. दादा तेव्हा केरळात होता, गलाईच्या दुकानात नवा लागलेला. गलाई म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं काम. विट्याच्या आजूबाजूच्या गावांत ज्या घरातला एकही माणूस या कामापायी मुलखाबाहेर गेलेला नाही, असं घर शोधावं लागेल. पुढे माझं लग्नही गलाईवाल्याशीच झालं आणि आता माझे केस पिकायला लागले ते इथे सेलममध्ये. खाली नवऱ्याचं दुकान, वर आम्ही. भट्टीचा भाता सुरू झाला की जमिनीतून पायांना बारीकशी थरथर जाणवते. ती जाणवली की मला उगाच आमचा गोठा आठवतो, आणि गोठा आठवला की भुंग्या, आमचा कुत्रा.

पण आधी फोनचं सांगते. बाहेरगावी असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, असा आमच्या आळीतल्या सगळ्या गलाईवाल्या घरांचा रिवाज होता. तो तिकडे एकटा, आगीशेजारी बसून काम करणारा, त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं पाहिजे, असं म्हणायचे. पाऊस कमी झाला तरी बरं, म्हैस आटली तरी बरं. फोनवर सगळं बरंच. आणि घरातलं कुणी गेलं तर सांगायचे, "आजारी हाय, निघ." बस्स एवढंच. माझी आजी वारली तेव्हा थोरल्या काकांना असाच निरोप गेला होता, आणि काकांनी गाडीत बसल्यापासूनच सुतक धरलं होतं. त्यामुळे झालं असं, की जे कुणी खरोखर आजारी असेल, त्याच्याबद्दल फोनवर अवाक्षर काढायची सोय उरली नव्हती.

आमचं गाव विट्यापासून जवळ. गावातही बऱ्याच घरांतून यंत्रमाग होते. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानाला मागांचा खटखटाट लागायचा, आणि दिवसभर तो असा असायचा की ऐकू यायचा नाही. वीज गेली की मग कळायचं. एकदम सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं गप्प व्हायचं, शेवग्याच्या शेंगा एकमेकींवर आपटलेल्या ऐकू यायच्या, आणि गव्हाणीत झोपलेला भुंग्या मान वर करून बघायचा, कोण आलं म्हणून. त्याला आवाजाची नाही, शांततेची जाग यायची. मी नववीत शाळा सोडली ती दादा गेला त्या वर्षी. आईच्या कंबरेचं दुखणं होतं, आप्पा द्राक्षबागेत, गुरांचं बघायला कुणीतरी हवं होतं. कुणी मला घरी बस म्हटलं नाही. एका सोमवारी मी दप्तर खुंटीवरून काढलंच नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी तशी भित्री. शाळेतही फळ्याकडे बोलावलं की घाम फुटायचा. त्यामुळे गोठा मला मानवला. तिथे चूक झाली तर म्हैस फार तर शेपटी मारणार.

भुंग्या दादाचा. उन्हाळ्यात धनगरांच्या मेंढ्या आमच्या रानात बसायला आल्या होत्या, खतासाठी, तेव्हा त्यांच्या कुत्रीचं हे पिल्लू दादाने मागून घेतलं. काळंभोर, आणि डोळ्यांच्या वर दोन तपकिरी ठिपके. धनगराची म्हातारी म्हणाली होती, "चार डोळ्यांचं हाय पोरा, ह्येच्यापुढं खोटं चालायचं न्हाई." दादाने त्याला खिशात घालून आणलं. मोठा झाला तरी त्याचं भुंकणं काही सुधारलं नाही. आधी घशात बराच वेळ भुणभुण करायचा, मग एकदाच मोठ्याने 'भॉ', आणि पुढे जरा खोकल्यासारखं. ती भुणभुण ऐकूनच त्याचं नाव पडलं. दादा गेला तेव्हा तो एसटीमागे वगैरे काही धावला नाही. संध्याकाळी येऊन माझ्या शेजारी बसला, आणि मी धार काढत असताना बादलीतल्या फेसाकडे बघत राहिला. दादा फोनवर आईशी बोलून झालं की म्हणायचा, "भुंग्याला दे." मग मी त्याला खिडकीशी आणायची, दादा शीळ घालायचा, हा भुणभुण करून 'भॉ' करायचा, आणि तिकडे दादाचं हसणं.

दुखणं आलं ते लाडातच आलं. भुंग्याचं पोट सुटायला लागलं. आम्हाला वाटलं अंगाला लागतंय. आई त्याच्यापुढे भाकरी टाकत दादाचं नाव घ्यायची, "संजूच्या वाटणीचं बी ह्योच खातुया." शेजारच्या सुमनकाकी येता-जाता म्हणायच्या, "गाबण हाय का गं तुजा भुंग्या?" आणि आम्ही हसायचो. पोट मोठं होत होतं आणि पाठीचा कणा वर येत होता. मी रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, हाताला मणके लागायचे, तरी ध्यानात आलं नाही. मग तो गव्हाणीत चढेनासा झाला. खाली, म्हशीच्या पायाशी झोपायला लागला, आणि ती म्हैस, जी माझ्या आईलाही लाथ मारायची, ती पाय बदलताना आधी खाली बघायची.

गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून गाईला बघायला आले होते. ते निघताना मी कसंबसं म्हटलं, "आवं, ह्येला जरा बगता?" त्यांनी खाली बसून पोटावर एका बाजूने टिचकी मारली आणि दुसऱ्या बाजूला हात ठेवला. मला म्हणाले, "तू बी हात ठेव." मी ठेवला. आतून लाट येऊन हाताला लागली. पखालीत पाणी हलावं तशी. मी आप्पांकडे बघितलं. आप्पा डॉक्टरांच्या बुटांकडे बघत होते. "पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले. "सांगलीला न्या. तिथं मशीन हाय."

सांगलीला आम्ही दुधाच्या टेंपोतून गेलो, आप्पा पुढे आणि मी कॅनांच्या मधे भुंग्याला मांडीवर घेऊन. सकाळचं धुकं होतं. पलूसच्या पुढे दोन्ही अंगांना ऊस लागला, एवढा ऊस मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडे सगळं उघडं माळरान, आणि इथे रस्ता म्हणजे हिरव्या गल्लीतून वाहणारा ओढा. कुठेतरी गुऱ्हाळ चालू असावं, काहिलीतल्या रसाचा गोड धुरकट वास टेंपोत शिरला, भुंग्याने नाक वर केलं, आणि मला उगाच वाटलं की आता हा बरा होणार. अजूनही गुळाचा वास आला की मला आधी आनंद होतो आणि मग काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. इथे सेलमच्या बाजारातही होतं तसं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मशीन फिरवून बघितलं, सुईने बरंच पाणी काढलं, आणि मग आप्पांना न सांगता मला सांगितलं, कारण गोळ्या कोण देणार असं त्यांनी विचारल्यावर मी हात वर केला होता. शाळा सोडल्यापासून कुणी मला समोर बसवून काही समजावून सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, याचं लिव्हर निबर झालंय, ते आता मऊ होणार नाही. पाणी पुन्हा भरणार. ही लघवीची गोळी, हा भात-दही, मीठ अजिबात नको. "बरा होणार नाही, पण त्याचे दिवस सुखाचे करू शकतो आपण." 'आपण' म्हणाल्या. बाई आज कुठे असतील कोण जाणे, पण त्या शब्दासाठी मी त्यांची अजून ऋणी आहे. शेवटी म्हणाल्या, "पुढं त्याला आडवंही पडता येणार नाही, बसताही येणार नाही, श्वासच पुरणार नाही, असं झालं की आणखी ताणू नका. तुमच्या डॉक्टरांना सांगा. झोपेचं इंजेक्शन असतं. मात्र मालकानं हो म्हणायला पाहिजे."

परत येताना आप्पा टेंपोत पुढे न बसता मागे माझ्याजवळ बसले. आष्ट्याचा फाटा गेला, मिरचीच्या रोपांच्या गाड्या गेल्या. मग म्हणाले, "मालक म्हंजे संज्या."

"मग त्याला सांगूया."

"जत्रंला येणारच हाय त्यो. तवर तग धरंल ह्यो."

त्यानंतरचा काळ मला असा आठवतो की त्यात दुपार सोडून दुसरी वेळच नव्हती. गोठ्याच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाच्या सळ्या खाली यायच्या आणि भुंग्याच्या काळ्या अंगावर रुपयाएवढे उजेड पडायचे. ते हळूहळू सरकायचे, पोटावरून पाठीवर, पाठीवरून म्हशीच्या खुराकडे. मागांचा खटखटाट चाललेला. मी त्याच्याजवळ पोत्यावर बसून शेंगा फोडायची, आणि माझं सगळं ध्यान त्याच्या बरगड्यांवर. श्वास खाली गेला की वर येईपर्यंत माझे हात थांबायचे. माझी मुलं तान्ही असतानाही मी हेच केलं, आणि नवरा भट्टीवर वाकला की त्याच्या पाठीकडे बघत अजूनही करते. गोळी मी दह्यातल्या भातात दडवायची. तो भात चाटून गोळी तेवढी स्वच्छ करून जमिनीवर ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा, तुझी पडली वाटतं, अशा नजरेने. बरं वाटलं की उठून घरामागच्या परड्यापर्यंत जायचा, कडुनिंबाची फुलं पडलेल्या जागी उभा राहायचा, आणि अंगावर फुलं घेऊन परत यायचा. त्या दिवशी मी सगळ्यांना सांगायची, आज बरा आहे. आई म्हणायची, "व्हय बाई, बराच हाय." आणि माझ्या ताटात नको म्हटलं तरी तूप वाढायची.

रविवारी फोन आला की आई म्हणायची, सगळं बरं हाय. भुंग्या? त्यो काय, रानात उंडारतुया. पुढच्या रविवारी, आप्पांसंगं बागंत गेलाय. त्याच्या पुढच्या रविवारी दादा म्हणाला, "आई, ह्यो कुत्रा हाय का तलाठी? कवा बी बगावं तर बाहेर. पुढल्या खेपंला त्याला बांधून ठेव, मला आवाज ऐकायचाय."

आईने आठवडाभर ते मनाला लावून घेतलं. भुंग्या तोवर भुणभुणतही नव्हता. रविवारी जेवणं झाल्यावर बघते तर सुमनकाकी त्यांच्या टॉम्याला दोरी बांधून आमच्या स्वयंपाकघरात घेऊन उभ्या. टॉम्या पांढरा, मिशाळ, चुलीकडे बघून लाळ गाळतोय. आई म्हणाली, "आवाजच ऐकायचाय न्हवं. रंग कुटं दिसतुया फोनात?" फोन वाजला. आईचं बरं-बरं झालं. मग दादाने शीळ घातली. टॉम्या गप्प. काकींनी त्याला भाकरीचा तुकडा दाखवला आणि पाठीमागे लपवला, तसा त्याने असा काही भुंकायचा सपाटा लावला की फळीवरची ताटली खाली आली. काकी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. आईही हसायला लागली. मीसुद्धा. आणि मग टॉम्या थांबला, तर फोनमधून काहीच येईना.

"संजू? ऐकलंस न्हवं?" आई म्हणाली.

"ऐकलं," दादा म्हणाला. "बरं हाय. लय बरं हाय." आणि नेहमीसारखं सगळ्यांची नावं घेऊन, कोण कसं आहे विचारून, त्याने फोन ठेवला. माझं नाव तेवढं त्याने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी, आई-आप्पा बागेत असतील अशा वेळी फोन वाजला. सोमवारी तो कधी वाजत नसे. मी उचलला.

"नंदे, त्यो कुणाचा हुता?"

"सुमनकाकींचा टॉम्या."

"वाटलंच मला. आन् आपला?"

मी खिडकीबाहेर बघितलं, आईसारखंच. म्हटलं, "भुंग्या आजारी हाय."

त्याचा श्वास ऐकू आला. मागे कुठेतरी भाता चालला होता. तो म्हणाला, "कवा गेला?"

"गेला न्हाई रं दादा. आजारी हाय. खरंच आजारी हाय. गोठ्यात हाय, आत्ता."

मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. काय खातोय, किती चालतोय, पोट केवढं झालंय. सांगलीच्या बाई काय म्हणाल्या. कालपासून त्याला आडवं पडता येत नाही, बसला की पुढचे पाय घसरतात, म्हणून मी मांडी देऊन बसते, हेही सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "डॉक्टरांचं इंजेक्शन हाय. पर तू व्हय म्हणायला पायजे. न्हायतर आप्पा म्हणत्यात जत्रंपतूर थांबू. तू येशील का दादा?" ये, असं म्हणायचं होतं मला. आमच्याकडे 'ये' म्हटल्यावर माणूस येतोच, एवढं माहीत असूनही म्हणणार होते.

"शेट सोडील मला," तो म्हणाला. "पर दोन दिस लागतील. आन् मी आलो की त्यो उठाया बगंल, नंदे. मला ठावं हाय त्यो. मला बगितलं की जीव गेला तरी उठंल." भाता चालूच होता. मग म्हणाला, "माज्यासाटी ठेवू नगंस त्याला. डॉक्टरला बोलव. म्हणावं मालक व्हय म्हणाला."

"त्याला उचलून खिडकीशी आणू? फोन कानाला लावते."

"नगं. हुडकील मला."

आप्पांना मी बागेत जाऊन सांगितलं. वाटलं ओरडतील. त्यांनी कात्री वेलीवर अडकवली आणि डॉक्टरांच्या गावाकडे सायकल काढली. सकाळी डॉक्टर आले तेव्हा ऊन नुकतं पत्र्यावर आलं होतं. भुंग्या माझ्या मांडीवर, आणि आप्पा, ज्यांनी त्याला कधी हात लावलेला मी बघितला नव्हता, खाली शेणातच बसले आणि त्याची हनुवटी ओंजळीत धरली. मी त्याच्याशी काहीबाही बोलत होते, म्हशीचं, टॉम्याचं, फळीवरून पडलेल्या ताटलीचं. डोळ्यांवरचे दोन ठिपके आधी जरा वर गेले, ऐकताना जायचे तसे. मग जिथे होते तिथेच राहिले. नेमकी तेव्हाच वीज गेली की आधीच गेली होती, मला सांगता येणार नाही. मला मात्र सगळं गाव थांबलेलं आठवतं. आणि तो मान वर करीना, तेव्हा मला कळलं.

परड्यात कडुनिंबाखाली आप्पांनी खड्डा काढला. आई खडेमीठ घेऊन आली, पुरताना टाकतात तसं. माझ्याशी बोलली नाही. पुढेही काही दिवस बोलली नाही, नुसतं ताट पुढे सरकवायची. मी फोनवर सांगितलं, हे तिला आप्पांकडून कळलं होतं. आपला पोरगा परमुलखात आगीशेजारी रडत बसला असेल, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आणि मी तिला काय सांगणार, माझ्याही जात नव्हतं.

आता आई थकली आहे. डोळ्याला कमी दिसतं, कानाला कमी ऐकू येतं, आणि हे मला इथे बसून ठाऊक आहे, कारण ती स्वतः सांगते. आप्पांचा हात थरथरतो, परवा चहा सांडला, तेही सांगते. ऐकून माझी झोप उडते. पण इथल्या आमच्या गलाईवाल्या बायका फोन ठेवल्यावर खिडकीशी उभ्या राहतात, 'बरं हाय'च्या मागे काय असेल ते हुडकत, तसं मला उभं राहावं लागत नाही. आमच्या घरात हे खरं सांगणं सुरू झालं ते भुंग्या गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी.

फोन वाजला तेव्हा आई चुलीपुढे होती. हात धुऊन, पदराला पुसून ती खिडकीशी गेली. "हां, बोल रं," म्हणाली. दादाने काहीतरी विचारलं. आई बाहेर शेवग्याकडे बघत होती. "सगळं बरं..." म्हणाली, आणि थांबली. मी पाटावर बसले होते, आप्पा उंबऱ्यात, दोघेही तिच्या पाठीकडे बघत. परातीत पीठ सुकत होतं.

"संजू," आई म्हणाली, "रोज एक भाकरी जास्त व्हतीया रं." मग गज धरून ती तिथेच खाली बसली, आणि फोन कानाला तसाच ठेवून, त्याच्याबरोबर रडली.